सुरूच्या बनातला चौथा डबा

त्या रविवारी सकाळपासून शैलेशचं बूड कुठेच टेकत नव्हतं. चावी खिशात असताना तो ती टीपॉयवर शोधत होता. पाण्याच्या बाटल्या गाडीत ठेवून आला आणि झाकणं घट्ट आहेत का ते बघायला पुन्हा खाली गेला. रिया बुटांच्या नाड्या बांधत होती. तिच्याकडे बघायचं टाळत तो बाल्कनीत जाऊन उभा राहिला.

"अरे, सहल आहे," पद्मजा म्हणाली. "परीक्षा नाही."

शैलेशच्या लेखी ती परीक्षाच होती. पद्मजाशी त्याचं लग्न होऊन सहा महिने होत आले होते आणि तिच्या अकरा वर्षांच्या मुलीने, रियाने, त्याला अजून कुठल्याच नावाने हाक मारली नव्हती. लग्नाआधी तो 'शैलेशकाका' होता. आईच्या ओळखीचा, अधूनमधून आईस्क्रीम घेऊन येणारा माणूस. लग्न झालं आणि तो काका कुठे गेला कुणास ठाऊक. तिचे बाबा बंगळूरला असत, रविवारी संध्याकाळी त्यांचा फोन येई. ती जागा भरलेली होती आणि शैलेशला ती नकोही होती. पण काकाही गेल्यावर त्याच्या वाट्याला काहीच उरलं नाही. खांदा कॉलनीतल्या त्या दोन खोल्यांच्या घरात रिया अशी बोले की वाक्यात तो कुठे नसेच. "गिझर चालू राहिलाय." "आई विचारतेय, पोळ्या किती." त्यात उद्धटपणा नव्हता, म्हणून तक्रारही करता येत नव्हती. त्याने सायकल आणली. ती 'थँक्यू' म्हणाली आणि सायकल जिन्याखाली धूळ खात उभी राहिली.

एक गोष्ट मात्र त्याने हेरली होती. रियाला कोड्यांचं वेड होतं. वर्तमानपत्र आलं की आधी ती शेवटून दुसरं पान काढून घेई, आणि जेवताना आमटी गार झाली तरी पेन्सिल सोडत नसे. त्यामुळे पहिल्या मजल्यावरच्या अपूर्वने जेव्हा सोसायटीच्या ग्रुपवर जिओकॅशिंगच्या खेळाचा मेसेज टाकला, तेव्हा पहिलं नाव शैलेशने नोंदवलं. अपूर्व नुकताच नोकरीला लागला होता आणि सुट्टीच्या दिवशी तो हाच उद्योग करी. कुणीतरी कुठेतरी डबा लपवायचा, त्या जागेचे आकडे द्यायचे, आणि बाकीच्यांनी फोनवरच्या बाणामागे जाऊन तो शोधायचा. या वेळी उरणच्या बाजूला, समुद्राला लागून असलेल्या सुरूच्या बनातल्या उद्यानात त्याने सोसायटीतल्या कुटुंबांसाठी खास खेळ मांडला होता. पाच डबे होते. पहिल्या चारांत एकेक कोडं, ते सुटलं की पुढच्या डब्याची जागा कळायची, आणि शेवटच्या डब्यात प्रत्येक जोडीसाठी एक शंख. पहिल्या येणाऱ्या जोडीला बक्षीस होतं.

आणि शनिवारी शैलेशने एक उपद्व्याप केला होता. "आज ऑफिसला जावं लागणार," असं पद्मजाला सांगून तो घरातून निघाला आणि थेट त्या उद्यानात गेला. अपूर्व दुपारी डबे लपवायला येणार हे त्याला जिन्यातल्या गप्पांतून कळलं होतं. फाटकाशी बसलेल्या बाईकडून उकडलेल्या शेंगा घेऊन तो बाकावर बसला. अपूर्व आला तसा झाडाआडून त्याच्या मागे मागे फिरला. चार डबे कुठे ठेवले ते त्याने डोळ्यांनी पाहिलं. पाचव्याच्या वेळी अपूर्व दिसेनासा झाला. चार पुरे होते. उद्या रिया पहिली येईल, लोक टाळ्या वाजवतील, आणि त्या टाळ्यांच्या आवाजात ती वळून आपल्याकडे बघेल, एवढाच त्याचा हिशोब होता.

आता तोच हिशोब घेऊन तो गाडीत बसला.

उद्यानाच्या फाटकाशी पोहोचले तेव्हा आठ-दहा कुटुंबं जमली होती. अपूर्व सगळ्यांना नियम समजावून सांगत होता. प्रत्येक जोडीत एक मोठं माणूस, एक मूल, आणि फोन एकच. डबा सापडला की कोडं वाचायचं आणि डबा होता तिथेच परत ठेवायचा.

"तुम्ही दोघं जा," पद्मजा म्हणाली. तिने आधीच बाकावर बैठक मारली होती. "माझा गुडघा वाळूत चालायचा नाही." मग शैलेशला जवळ बोलावून हळूच म्हणाली, "आणि घाई करू नकोस रे."

फाटकातून आत शिरताना कालची ती बाई आजही टोपली घेऊन बसलेली दिसली. हौसा तिचं नाव, हे काल शेंगा घेताना बोलण्यात कळलं होतं. शैलेशने मान वळवली, पण तिने त्याला ओळखलं.

"काल बी आलेले ना तुमी?" ती म्हणाली. "एकलेच व्हते. आज पोरीला आणली का?"

"नाही, मी नव्हतो," शैलेश पटकन म्हणाला. "दुसरं कुणीतरी असेल."

"दुसरं कसं? हाच शर्ट व्हता."

रियाने त्याच्या शर्टाकडे पाहिलं, मग हौसाकडे. शैलेश पुढे चालू लागला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं त्याला वाटलं, सगळं बन आपल्याकडे बघतंय. रिया मागून आली. 

पहिला डबा सगळ्यांना एकाच ठिकाणी दिला होता, माहितीच्या फलकाच्या मागे. त्यातलं कोडं रियाने मोठ्याने वाचलं. "पाय नाहीत तरी दिवसातून दोनदा दारी येते. काही मागत नाही, मीठ ठेवून जाते. तिने जिथपर्यंत पाऊल टाकलं तिथे पहिला आडवा ओंडका शोधा."

ती ओठ चावत उभी राहिली. तिच्या कपाळावर ती बारीक आठी आली, जी शैलेशला घरात जेवणाच्या टेबलावरून माहीत होती. तिला अजून थोडा वेळ हवा होता. बाकीच्या जोड्याही डोकी खाजवत होत्या. शैलेशला मात्र थांबवेना. दुसरा डबा कुठे आहे ते त्याला माहीत होतं, आणि ते माहीत असताना उभं राहणं म्हणजे भूक लागलेली असताना भरल्या ताटाकडे बघत बसणं.

"मला वाटतं, समुद्राकडे जावं," तो म्हणाला.

"पण अजून सुटलं नाही."

"जाता जाता सुटेल. चल."

वाळूच्या पायवाटेवर सुरूच्या काड्यांचा तपकिरी थर पडला होता. पावलं त्यात रुतत आणि बूट जड होत. निम्म्या वाटेत रिया थांबली आणि म्हणाली, "भरती. भरती आहे ती." तिचा चेहरा क्षणभर उजळला. पण तोवर शैलेश दहा पावलं पुढे जाऊन, भरतीच्या रेषेवर पडलेल्या ओंडक्याखाली हात घालत होता. "सापडला," त्याने डबा वर धरून दाखवला. रियाच्या चेहऱ्यावरचा उजेड गेला. त्याला वाटलं, उन्हामुळे असेल.

तिसऱ्या डब्याचंही तेच झालं. कोडं अक्षरांचं होतं, बाराखडीतली अक्षरं मोजून शब्द जुळवायचा होता. रिया वाळूत बसून बोटाने अक्षरं लिहू लागली. शैलेश तिच्याभोवती येरझाऱ्या घालत होता. मागून दुसऱ्या जोड्यांचे आवाज येऊ लागले. सोसायटीतल्या हेतलबेन आणि त्यांचा नातू सर्वांत जवळ होते. आजी बिचारी धापा टाकत होती, पण नातवाच्या जोरावर चालली होती. शैलेशला धीर धरवेना. "ते पाण्याचं टाकं दिसतंय ना, तिकडं बघून येऊ," म्हणत तो निघाला. टाक्याच्या मागे डबा होताच.

"कसं कळलं?" रियाने विचारलं. दिवसभरात तिने त्याला विचारलेला तो पहिला प्रश्न होता.

"अंदाज," तो म्हणाला. "नशीब चांगलं आहे आपलं."

रिया त्याच्याकडे बघत राहिली. मग डब्यातला कागद तिने स्वतःच्या हातात घेतला आणि त्याला दिलाच नाही.

चौथ्या डब्याच्या जागेचे आकडे जवळजवळ पूर्ण दिले होते. फक्त शेवटच्या दोन आकड्यांच्या जागी चौकट होती आणि खाली लिहिलं होतं, 'खेकड्याचे पाय'.

"आठ," शैलेश म्हणाला. "शून्य आठ टाकतो."

"दहा. नांग्याही पायच असतात. आम्हाला विज्ञानात होतं."

"अगं, नांग्या म्हणजे हात झाले."

"नाही." तिने फोन मागितला आणि दहा टाकले. बाण फिरला आणि उजवीकडे, वर, उंच वाळूच्या बाजूला दाखवू लागला. तिथे करवंदीची जाळी होती. शैलेशला मात्र पक्कं माहीत होतं की डबा डावीकडे, खाली, खाडीच्या तोंडाशी उन्मळून पडलेल्या सुरूच्या मुळांत आहे. काल अपूर्वने तिथे गुडघे टेकून तो आत सारला होता.

"बघ, तुझं काहीतरी चुकलंय," तो म्हणाला. "बाण भलतीकडे दाखवतोय. खाली जाऊ."

"माझं चुकलेलं नाही."

"अगं, ऐक तरी. पहिलं यायचंय ना आपल्याला?"

रिया बाणाकडेच बघत होती. पण तो तरातरा उतरू लागला तेव्हा ती मागे आली, कारण फोन त्याने तिच्या हातातून घेतला होता.

पडलेल्या सुरूपाशी वाळू ओली आणि कडक होती. शैलेशने मुळांच्या पोकळीत हात घातला. काही नाही. दुसऱ्या बाजूने घातला. गार चिखल हाताला लागला, एक शिंपली टोचली. त्याने खांद्यापर्यंत हात आत नेला. कपाळावर घाम आला. रिया उभी राहून बघत होती. वरच्या बाजूने, करवंदीच्या जाळीकडून, हेतलबेनच्या नातवाचा 'सापडला, सापडला' असा आवाज आला.

"अरे, इथंच तर होता," शैलेश स्वतःशीच पुटपुटला.

सुरूच्या शेंड्यांतून वारा सूं करत गेला.

"होता म्हणजे?" रिया म्हणाली.

त्याने हात बाहेर काढला. कोपरापर्यंत चिखल लागला होता.

"होता म्हणजे कधी होता?"

काहीतरी सांगता आलं असतं. डोक्यात दोन-तीन थापा येऊनही गेल्या. पण ती त्याच्या डोळ्यांत सरळ बघत होती आणि तिच्या कपाळावर आठी नव्हती. हे कोडं तिने सोडवून टाकलं होतं.

"काल," तो म्हणाला.

"ती शेंगावाली खरंच सांगत होती."

"हो."

"आणि तिला खोटं पाडलंत."

"हो."

"आणि मलाही. माझं दहा बरोबर होतं." तिचा आवाज चढला नाही. तो थोडा कापला, एवढंच. "माझं बरोबर होतं आणि तुम्ही चुकलं म्हणालात."

शैलेशने सांगायचा प्रयत्न केला. तू जिंकावंस म्हणून, तुला आनंद व्हावा म्हणून. वाक्यं तोंडातून निघत होती आणि निघता निघताच त्यालाच पोकळ वाटत होती. रिया मधेच म्हणाली, "मला जिंकायचं नव्हतं. मला सोडवायचं होतं." आणि तिने हात पुढे केला. त्याने फोन दिला. ती वळून वर चालू लागली.

तो मागे धावला. वाळूत धावणं म्हणजे जागच्या जागी धडपडणं. झाडांच्या रांगांतून तिची पिवळी टोपी दिसे आणि लपे. दोन क्षण दिसली नाही की तो आणखी जोरात धावे. पद्मजाला काय सांगायचं, पोरगी कुठे हरवली म्हणून? जाळीपाशी पोहोचला तेव्हा रिया डबा उघडून बसली होती. शेजारी अपूर्व उभा होता.

"रात्री भरतीचं पाणी खालपर्यंत आलं हो," अपूर्व सांगत होता. "मुळांत ठेवलेला डबा भिजला. सकाळी इकडे आणला आणि कोड्यात खेकडा घुसवला." मग त्याने शैलेशचा चिखलाचा हात पाहिला. त्याला कळलं की नाही, कोण जाणे. तो पुढच्या जोडीकडे निघून गेला.

शेवटचं कोडं कठीण होतं. चार ओळी होत्या आणि प्रत्येक ओळीत एकेक झाड लपलं होतं. ती झाडं या बनात शोधून त्यांच्या मधला बिंदू काढायचा होता. रिया वाळूवर मांडी घालून बसली. शैलेश थोड्या अंतरावर टेकला. मदत करायला त्याच्याजवळ काहीच नव्हतं. पाचव्या डब्याबद्दल तो बाकीच्यांइतकाच आंधळा होता.

एक एक जोडी पुढे जाऊ लागली. फाटकाकडून टाळ्या ऐकू आल्या. कुणीतरी पहिलं आलं होतं. मग पुन्हा टाळ्या. शैलेशच्या पायाला मुंग्या आल्या, मानेवर चिलटं बसू लागली. एक झाड त्याच्या लक्षात आलं. तिसऱ्या ओळीत 'उंडी' होती. ते नाव त्याच्या जिभेवर येऊन बसलं. त्याने ते गिळलं. पद्मजाचा फोन आला, रियाने तो कापला आणि 'येतोय' एवढं लिहून पाठवलं.

बऱ्याच वेळाने तिने न बघताच विचारलं, "उंडी म्हणजे कुठलं?"

"जाड पानांचं. गोल फळं असतात," तो म्हणाला. मग न राहवून पुढे म्हणाला, "कुठे आहे ते मला खरंच माहीत नाही."

"बरं."

दोघांनी मिळून उंडी आणि बाकीची तीन झाडं शोधली. ती शोधताना दोनदा चुकले, एकदा रानभेंडीच्या झाडाखाली उगीच खणत बसले. शेवटी डबा मिळाला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. रियाने झाकण उघडलं, आत हात घालून आपल्या वाटणीचा शंख घेतला आणि झाकण लावलं. तिला आनंद झाला होता. तो तिने त्याला दाखवला नाही, पण लपवताही आला नाही.

परतताना शैलेशने विचारलं, "आईला सांगणार आहेस?"

"मी नाही सांगणार." ती चालत राहिली. "ते मी सांगायचं नसतं."

ते शेवटून दुसरे आले. पद्मजा दोघांचे चेहरे बघून बाकावरून उठली आणि गाडीकडे निघाली. गाडी जासई ओलांडून पुढे आली, बंदराकडे जाणाऱ्या ट्रेलरांची रांग लागली, आणि शैलेशला ते ओझं पुढे नेववेना. त्याने सांगून टाकलं. डबे, झाडाआड लपणं, शेंगावाली, खेकडा. आपण स्वतःच हसत हसत सांगितलं तर ती हसेल, अशी त्याला आशा होती.

पद्मजा हसली नाही. "काल ऑफिस नव्हतं?"

"नाही."

"गाडी थांबव."

"अगं, इथे..."

"शैलेश, थांबव."

त्याने एका बसथांब्यापाशी गाडी बाजूला घेतली. पद्मजा उतरली आणि थांब्याच्या पलीकडे, मिठागरांच्या बांधाजवळ जाऊन पाठमोरी उभी राहिली. शैलेशचा हात दाराच्या कडीवर गेला.

"आत्ता नाही जायचं," मागून रिया म्हणाली.

त्याने आरशात पाहिलं. ती खिडकीतून आईकडे बघत होती.

"लगेच गेलं की ती 'काही नाही' म्हणते. मग ते 'काही नाही' चार दिवस चालतं."

"मग कधी जायचं?"

"ओढणी सारखी करेल. मग."

ट्रेलर एकामागून एक गडगडत गेले. प्रत्येकासरशी गाडी हलत होती. शैलेशची बोटं स्टिअरिंगवर ताल धरत होती, ती त्याने मांडीखाली दाबली.

"बाबा पण असंच सांगायचे," रिया हळू म्हणाली. "शनिवारी ऑफिस आहे म्हणून."

शैलेशला घटस्फोटाचं बरंच ठाऊक होतं. पद्मजाने काही लपवलं नव्हतं. पण हे एवढंसं वाक्य तिने कधी सांगितलं नव्हतं, आणि त्याने ते नेमकं उचलून तिच्या हातात ठेवलं होतं. 

बांधावर पद्मजाने ओढणी सोडवून नीट केली.

"आता," रिया म्हणाली.

तो गेला. पद्मजाने त्याच्याकडे पाहिलं नाही. समोर मिठागराच्या वाफ्यात पाणी चकाकत होतं, दोन बगळे उभे होते.

"कशासाठी केलंस ते कळलं मला," ती म्हणाली. "ते कळतंय म्हणूनच चिडताही येत नाहीये नीट. पण काल तू गेल्यावर मी काय केलं माहितेय? फोन हातात घेऊन बसले होते. तुझ्या ऑफिसला लावावा का म्हणून. का ते मलाच कळत नव्हतं. लावला नाही. स्वतःलाच बोलले, वेडी आहेस का." ती थांबली. "आणि मी वेडी नव्हते."

शैलेश म्हणणार होता, परत असं होणार नाही. पण हे तिने याआधी ऐकलेलं असणार.

"पुढच्या वेळी लाव फोन," तो म्हणाला.

"पुढच्या वेळी?"

"म्हणजे, कधीही. मी कुठे आहे ते विचार. मी रागावणार नाही."

"मला विचारणारी बाई व्हायचं नाहीये रे," पद्मजा म्हणाली.  ऊन चटकायला लागलं तेव्हा तीच म्हणाली, "चल. पोरगी गाडीत भाजत असेल."

ती पुढे बसली नाही, मागे रियाशेजारी बसली. शैलेश एकटाच पुढे. गाडी गव्हाण फाट्याला आली. आरशात बघायचा त्याला धीर होत नव्हता आणि न बघता राहवतही नव्हतं. वाहतूक मुंगीच्या पावलांनी चालली होती. त्याने गिअर बदलला, परत बदलला.

"काल झाडामागे किती वेळ लपला होतात?" रियाने अचानक विचारलं.

"दोन तास. जास्तच."

"अपूर्वदादाला दिसला नाहीत?"

"एकदा दिसणार होतो. तेव्हा वाळूत पालथा पडलो."

"या पोटासकट?" हे पद्मजाने विचारलं. आवाज अजून कोरडाच होता.

"हो. आणि तेवढ्यात एक कुत्रं आलं. ते माझ्या पुड्यातल्या शेंगा खायला लागलं."

"मग?" रिया म्हणाली. "नीट सांगा. सुरुवातीपासून."

पुढचा ट्रेलर हलला. शैलेशने गाडी पुढे घेतली आणि घसा खाकरून, घरातून निघाल्यापासूनचं, काही न गाळता सांगायला लागला.